हवे असलेले नंबर

1933 साली बोस्टनच्या गाउडी गम कंपनीनं च्युइंगगमच्या पुडीत बेसबॉलपटूंची रंगीत कार्डं घालायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर नंबर असे आणि नंबर 240 पर्यंत जात. मुलं सुटे पैसे जमवून गम घेत, कार्डं नंबरवार लावत. 105 मिळे, 107 मिळे. 106 मात्र कुणाच्याच पुडीत निघेना. निघणार कुठून? कंपनीनं ते छापलंच नव्हतं. एक नंबर गायब ठेवला की मुलं शोधत राहतील आणि गम खपत राहील, हा त्यामागचा हिशेब होता, असंच संग्राहक आजवर मानत आले आहेत. शेवटी ग्राहकांनी चिडून कंपनीला पत्रं लिहिली. तेव्हा 1934 साली कंपनीनं 106 नंबरचं कार्ड छापलं, त्यावर केव्हाच मैदान सोडलेल्या नॅप लाजोवेचं चित्र टाकलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना ते टपालानं धाडलं. कार्ड उत्तराच्या पत्राला क्लिपनं लावलेलं असे. लाजोवेची जी मोजकी कार्डं आज शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींवर त्या क्लिपचा वण अजून दिसतो.

बेसबॉल कार्डांची बातमी आपल्याकडे येते ती लिलावाची. 1952 सालचं मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं, होनस वॅग्नरचं कार्ड त्याच वर्षी साडेबहात्तर लाखांना. हे आकडे खरे आहेत; पण त्यांच्या झगमगाटात या छंदाचा मोठा आणि मला जास्त मोलाचा वाटणारा भाग झाकला जातो. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसं गेली सत्तर-ऐंशी वर्षं टपालानं कार्डांची अदलाबदल करत आली आहेत. कोणत्या कार्डाला काय म्हणायचं, कोणतं दुर्मीळ, संच पुरा कधी झाला, हे सगळं त्यांनीच ठरवलं. कोट्यवधींचा बाजार त्यांच्या पायावर नंतर उभा राहिला.

ही कार्डं 1880च्या दशकात सिगारेटच्या पाकिटातून सुरू झाली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर खेळाडूचं चित्र छापलं की जाहिरातही होई. तंबाखूनंतर गम आला. 1952 मध्ये ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी 407 कार्डांचा जो संच घडवला, त्यानं आजच्या कार्डाचा साचा पक्का केला: पुढे रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, मागे खेळाडूची माहिती आणि हंगामाची आकडेवारी. 1957 पासून कार्डाचं माप अडीच इंच बाय साडेतीन इंच असं ठरून गेलं. ते आजतागायत बदललेलं नाही.

अदलाबदलीची गरज कुठून येते, हे आकड्यांतच आहे. 1987 सालच्या टॉप्सच्या संचात 792 कार्डं होती. बंद पुडीत कोणतं कार्ड निघेल हे आपल्या हातात नाही. प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी धरली, तर केवळ नशिबावर 792 चा संच पुरा करायला सरासरी साडेपाच हजारांहून जास्त कार्डं विकत घ्यावी लागतात. सुरुवातीला प्रत्येक पुडीत नवं काहीतरी मिळतं. नंतर डबल, तिबल कार्डांचे गठ्ठे वाढत जातात. शेवटचं एक कार्ड उरलं की त्या एकासाठी सरासरी आणखी 792 कार्डं फोडावी लागतात. कुणाही माणसाला हे परवडत नाही. ज्याच्याकडे आपल्याला हवं ते जास्तीचं आहे आणि त्याला हवं ते आपल्याकडे, असा माणूस शोधणं हाच शहाणपणाचा रस्ता उरतो.

मुलांना तो माणूस शाळेत, गल्लीत मिळे. मोठ्यांना मिळत नसे. 1930-40 च्या काळात कार्डं जमवणारा प्रौढ माणूस म्हणजे गावात एखादाच, आणि तोही शेजाऱ्यांपासून ते लपवून ठेवणारा. अशा विखुरलेल्या माणसांना जोडण्याचं काम जेफरसन बर्डिकनं केलं. 1900 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल स्क्वेअर गावी जन्मलेला हा माणूस जवळच्याच सिराक्यूज शहरात विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात सुटे भाग जुळवण्याचं काम करत असे. संधिवातानं त्याची बोटं तरुणपणीच आखडत चालली होती. त्याला बेसबॉलचं वेड नव्हतं. छापील कागदाचं होतं: सिगारेटची कार्डं, जाहिरातीची कार्डं, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, सिगारवरच्या पट्ट्या.

1937 मध्ये त्यानं संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं आणि 1939 मध्ये पहिला कॅटलॉग काढला. पुढच्या आवृत्त्यांत त्याचं नाव अमेरिकन कार्ड कॅटलॉग झालं. तोवर कुणी कार्डाला 'पांढऱ्या चौकटीचं' म्हणे, कुणी 'मागे अमुक सिगारेटचं नाव असलेलं'. बर्डिकनं प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना N, विसाव्या शतकातल्यांना T, जुन्या गोळ्या-चॉकलेटांबरोबरच्या कार्डांना E, नंतरच्या गमच्या कार्डांना R. अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 या काळात काढलेला पाचशेहून अधिक कार्डांचा पांढऱ्या चौकटीचा संच झाला T206. मग ओहायोतला माणूस कॅलिफोर्नियातल्या माणसाला 'T206 मधली इतकी कार्डं जास्तीची आहेत, तुमच्याकडे E मधलं काय आहे?' असं एका ओळीत विचारू शकला. ज्या वॅग्नरला आज लाखो डॉलर पडतात, तो याच T206 मधला. त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. बर्डिकच्या कॅटलॉगात त्याची किंमत 50 डॉलर होती, आणि तीही लोकांना अतोनात वाटे. त्या संचातली साधी कार्डं तेव्हा काही सेंटांना मिळत.

बर्डिकनंतर ते पत्रक पेनसिल्व्हेनियातल्या चार्ल्स ब्रे यांनी चालवलं आणि त्यातून टपाली लिलावही घेतले. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनचे लायनेल कार्टर बँकेत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात जोडलेल्या संग्राहकांना पत्रं लिहीत. या पिढीचा रिवाज साधा होता. यादी टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून काढायची: डावीकडे हवे असलेले नंबर, उजवीकडे जास्तीचे. जुळेल तिथे खूण करायची आणि लिफाफा टाकायचा. 1932 पासून 1958 पर्यंत अमेरिकेत पत्राला 3 सेंट पडत. तीन सेंटांत दोन हजार मैलांवरच्या माणसाचा जास्तीचा गठ्ठा आपल्यासाठी उघडे.

या काळातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे प्रादेशिक कार्डं. टॉप्सची कार्डं देशभर मिळत, पण 1950च्या दशकात शहराशहरातले खाद्यपदार्थांचे उत्पादक आपल्या गावच्या संघाची कार्डं मालाबरोबर देऊ लागले. सिनसिनाटीत कान्सची सॉसेजेस, डेट्रॉइटमध्ये ग्लेंडेल मीट्स, कॅन्सस सिटीत रोडिओ मीट्स, न्यूयॉर्कमध्ये स्टाल-मेयर, लॉस एंजेलिसमध्ये बेल ब्रँडचे बटाट्याचे वेफर्स. 1953 मध्ये ब्रेव्ह्ज संघ बोस्टन सोडून मिलवॉकीला गेला आणि त्याच वर्षी तिथल्या जॉन्स्टन बिस्किटांबरोबर त्याची कार्डं आली. सिनसिनाटीत राहणाऱ्याला कान्सचं कार्ड सहज मिळे, बेल ब्रँडचं आयुष्यभर मिळणार नाही असं वाटे. लॉस एंजेलिसच्या माणसाची गत उलटी. दोघांनी एकमेकांसाठी बाजारात जायचं, आपल्याला नको तितकी सॉसेजेस किंवा वेफर्स खायची आणि कार्डं लिफाफ्यात घालून पाठवायची, एवढाच उपाय होता. मांसाबरोबर येणाऱ्या काही कार्डांना मेणाचा लेप दिलेला असे, तरी तेलाचे डाग पडत. डाग नसलेलं, स्वच्छ कार्ड म्हणूनच इतकं दुर्मीळ. ही कार्डं आज संग्रहांत शिल्लक आहेत याचं मोठं श्रेय त्या टपाली जोड्यांना आहे.

टॉप्सची कार्डंही तितकीशी सरळ मिळत नसत. 1973 पर्यंत ती उन्हाळाभर टप्प्याटप्प्यानं बाजारात येत. शेवटचा टप्पा येईस्तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असे आणि दुकानदार तो मागवायलाच तयार नसत. 1952 च्या संचातली 311 ते 407 ही शेवटची 97 कार्डं त्यामुळेच अवघड. मँटलचा नंबर 311. न खपलेली ती कार्डं 1960 मध्ये आपण बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवली, अशी हकीकत खुद्द बर्गरनं सांगितली आहे. काही गावांत शेवटचा टप्पा आला, काही गावांत आलाच नाही. ज्या गावी आला तिथल्या माणसाचा पत्ता मिळवणं हे संग्राहकाचं काम झालं.

हे सारं बदललं ते किमतीच्या पुस्तकानं. ओहायोत संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी 1970च्या दशकात संग्राहकांना प्रश्नावल्या पाठवून कार्डांचे भाव गोळा केले, आणि 1979 मध्ये डेनिस एकेस यांच्यासह पहिलं किंमतदर्शक पुस्तक काढलं. 1984 पासून त्याचं मासिक सुरू झालं. आता माझ्याकडच्या दहा कार्डांना तुझी दहा कार्डं असं न होता माझ्या बारा डॉलरना तुझे बारा डॉलर असा हिशेब होऊ लागला. यानं फसवणूक कमी झाली, हे मान्य करावंच लागेल. अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार करणाऱ्याला आधार मिळाला. पण एखाद्याचा संच केवळ तुमच्या एका कार्डासाठी अडला आहे, याला त्या पुस्तकात रकाना नव्हता. तेव्हाच्या पत्रव्यवहारात तो होता.

1981 मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात आल्या, 1989 मध्ये अपर डेक आली आणि कार्डांचा पूर आला. त्या वर्षांतली बहुतेक कार्डं इतक्या प्रमाणात छापली गेली की आज त्यांना विकत घेणारा सापडत नाही. टपाली अदलाबदलीच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट झाली असं मी म्हणेन. लिफाफ्याचं तिकीट आतल्या कार्डांपेक्षा महाग, तरी लोक अजून 1987 च्या संचातले राहिलेले नंबर एकमेकांना पाठवतात. तिथे कुणी नफ्यासाठी येत नाही.

आजच्या अदलाबदलीचे नियम कुठे लिहिलेले नसले तरी सगळ्यांना ठाऊक असतात. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, ज्याला 'पेनी स्लीव्ह' म्हणतात, मग जाड पारदर्शक 'टॉपलोडर'मध्ये. टॉपलोडरच्या तोंडावर रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी लावायची. साधा सेलोटेप लावला की डिंक राहतो आणि काढताना कार्ड निसटून कोपरा दुमडतो. पट्टीचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे मिळणाऱ्याला नखानं ओरबाडावं लागत नाही. महाग कार्ड बुडबुड्यांच्या अस्तराच्या लिफाफ्यात आणि ट्रॅकिंगसह जातं. स्वस्त कार्ड साध्या पांढऱ्या लिफाफ्यात जातं, पण तिथे टॉपलोडर घालायचा नाही. अमेरिकी टपालखात्याची यंत्रं पाव इंचापेक्षा जाड किंवा न वाकणारं पत्र घेत नाहीत. तसं पत्र हातानं हाताळावं लागतं, जादा पैसे पडतात आणि यंत्रात अडकलं तर फाटतं. म्हणून जाणकार स्लीव्हमधलं कार्ड दोन पातळ पुठ्ठ्यांमध्ये ठेवतात.

ज्याचे व्यवहार कमी झालेत त्यानं आपली कार्डं आधी पाठवायची. जुन्यानं ती मिळाल्यावर पाठवायची. हे नव्याला अपमानाचं वाटतं, पण हाच नवा चार व्यवहार नीट केल्यावर जुना होतो. लिफाफ्यात ठरलेल्या कार्डांखेरीज समोरच्याच्या आवडत्या संघाची दोन-चार कार्डं न सांगता घालायची पद्धत आहे, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी. काही जण टपालाचा वापर आणखी एका कामासाठी करतात: खेळाडूला कार्ड आणि स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला परतीचा लिफाफा पाठवून सही मागायची. निवृत्त खेळाडूंपैकी कित्येक जण ती करून पाठवतात.

फसवणूक होतेच. अमेरिकेत टपालाच्या मार्फत फसवणूक करणं 1872 पासून केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याचा तपास टपालखात्याचे स्वतःचे निरीक्षक करू शकतात. लिलाव कंपनी चालवणारे बिल मास्ट्रो यांना 2015 मध्ये 20 महिन्यांची कैद झाली ती याच कायद्याखाली. सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर कार्डाच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या, हेही त्यांनी कबूल केलं. हॉकीपटू वेन ग्रेट्झकीनं भागीदारीत 1991 मध्ये 4 लाख 51 हजार डॉलरना घेतलेलं ते हेच कार्ड. प्रतवारी करून प्लास्टिकच्या कवचात बंद केलेल्या कार्डांचा आज एवढा बोलबाला आहे, पण अशी फसवणूक बड्या बाजारात झाली. तीन सेंटांच्या तिकिटावर चालणाऱ्या व्यवहारांत माणसाला आपलं नाव राखणं भाग होतं, कारण यादी फिरवणाऱ्यांचं वर्तुळ लहान होतं आणि खोटं बोलणाऱ्याला पुढच्या वेळी पत्राचं उत्तर मिळत नसे.

बर्डिकनं आपला संग्रह विकला नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस त्यानं तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला द्यायचं ठरवलं. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी तो घेतला आणि बर्डिकला विभागात एक टेबल दिलं. पुढची कित्येक वर्षं तो माणूस आखडलेल्या बोटांनी एकेक कार्ड आल्बममध्ये चिकटवत बसला. एकूण तीन लाखांहून अधिक वस्तू, त्यात तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डं, वॅग्नरसह. 10 जानेवारी 1963 रोजी शेवटचं कार्ड चिकटवून झालं. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला आणि 13 मार्चला गेला.

या कार्डांतली निवडक कार्डं म्युझियमच्या अमेरिकन विभागात आळीपाळीनं मांडलेली असतात. मुलांकडे किंवा नातवंडांकडे अमेरिकेला जाणाऱ्या वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये ती जरूर बघावीत. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांना म्युझियमच्या संकेतस्थळावर बर्डिक संग्रहातली हजारो कार्डं विनामूल्य पाहता येतात. T206 एवढं शोधलं तरी पुरे.