वासराला शिसं बाधलंय का?

कालपर्यंत कासेला झोंबणारं वासरू आज खांबाला डोकं लावून उभं राहतं. दात करकर खातं, लाळ गळते, कान आणि पापण्या फडफडतात. सोडलं तर भिंतीवर जाऊन आदळतं. अशा वेळी पहिली शंका रेबीजची घ्यावी आणि निदान होईपर्यंत त्याच्या तोंडात हात घालू नये.

मग टॉर्च घ्यावा. उजेड टाकल्यावर बाहुली आकसते, पण डोळ्यांसमोर झटकन हात नेला तरी पापणी लवत नाही. म्हणजे डोळा शाबूत आहे, बिघाड मेंदूत आहे. शिशाच्या बाधेत असं होतं, आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होते तेव्हाही. पंचाईत अशी की, बी-१ची इंजेक्शनं दिली तर शिसं बाधलेल्या जनावरालाही थोडा उतार पडतो. तेवढ्यावर शिशाचा संशय सोडू नये.

म्हणून गोठ्याभोवती हिंडून पाहणं मला सुईइतकंच मोलाचं वाटतं. ट्रॅक्टरची किंवा झटका मशीनची निकामी बॅटरी कुठे फुटून पडली आहे का? तिच्या करड्या पट्ट्या वासरं आवडीने चाटतात. जळकं ऑइल, खरवडलेला जुना रंगही बघावा.

पक्कं निदान रक्तावर होतं, आणि चूक होते ती नळी निवडताना. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं. रक्त गोठवून वरचं पाणी तपासायला पाठवलं, तर शिसं गाठीतच राहतं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या टोपणाची नळी घेऊन न गोठलेलं, संपूर्ण रक्त पाठवावं. १०० मिलिलिटर रक्तात ३५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आणि सोबत ही लक्षणं असतील, तर बाधा धरून चालावं.

जनावर दगावलं, तर शवविच्छेदन पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावं. शिशाचे तुकडे जड असल्याने जाळीदार पोटाच्या तळाशी सापडतात. मूत्रपिंड आणि यकृताचे तुकडे फॉर्मलिनमध्ये न घालता बर्फात पाठवावेत. ओल्या वजनाच्या १० पीपीएमवर शिसं निघालं की शंका उरत नाही.

मग कळपातल्या बाकीच्या जनावरांचंही रक्त तपासावं. धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या अंगातही शिसं असू शकतं आणि ते दुधात उतरतं. अहवाल येईपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, घरातल्या पोरांना तर मुळीच देऊ नये.