डॉक्टरांना पटलंय, पण तपासणी कोण लिहिणार?

2008 साली अमेरिकेतल्या 3,97,832 डॉक्टरांकडे फॅक्सने एक प्रश्नावली गेली. विषय होता फार्माकोजेनोमिक्स, म्हणजे कोणतं औषध कुणाला लागू पडेल आणि कुणाला बाधेल हे जनुकांवरून ताडणारं शास्त्र. 10,303 जणांनी उत्तरं पाठवली. जनुकांमुळे औषधाचा परिणाम बदलतो, हे त्यांतल्या 97.6 टक्के डॉक्टरांना मान्य होतं. अशा जनुकीय तपासण्यांची पुरेशी माहिती असल्याचं सांगणारे मात्र 10.3 टक्केच निघाले.

उत्तर देणारे जेमतेम तीन टक्के होते, हेही ध्यानात घ्यायला हवं. अशा प्रश्नावल्या बहुधा विषयात रस असलेलेच भरतात. तेव्हा उरलेल्यांची स्थिती याहून बरी असेल, असं मानायला जागा नाही. शिवाय ‘माहिती आहे का?’ असं विचारलं की आत्मविश्वास मोजला जातो, ज्ञान नव्हे.

आणि इथे अज्ञान रुग्णाच्या जिवावर बेततं. कार्बामॅझेपिन हे फिट्सवरचं जुनं, सर्रास दिलं जाणारं औषध. एचएलए-बी*15:02 हा जनुकप्रकार असलेल्यांना त्यामुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. यात अंगावर फोड येतात, कातडी सोलवटते, तोंड-डोळे भाजल्यासारखे होतात. तैवानच्या संशोधकांनी 2004 साली असे 44 रुग्ण तपासले. सगळ्यांत हा प्रकार सापडला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या भारतीय अभ्यासात तो 8 पैकी 6 जणांत होता. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेलची गोष्ट उलटी. यकृतातलं सीवायपी2सी19 हे एन्झाइम जनुकांमुळे मंद असेल, तर गोळी नेमाने घेऊनही गुठळीपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. 2010 साली अमेरिकेच्या एफडीएने या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घालायला लावला.

उलट, आधी तपासून औषध दिलं तर फायदा दिसतो. युरोपातल्या सात देशांत 12 जनुकांच्या अहवालानुसार औषधं ठरवली, तेव्हा त्रासदायक दुष्परिणाम सुमारे 30 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात हा विषय आला, पण औषधांच्या अर्थशास्त्रासोबत एकाच मुद्द्यात कोंबलेला. हे पुरेसं नाही. तो मेडिसिनच्या वॉर्डात, रुग्णाच्या केसपेपरसकट शिकवला पाहिजे. पाहणीही तशीच हवी: इंटर्नच्या हाती जनुकांचा अहवाल द्यावा, फिट्सचा रुग्ण सांगावा आणि कोणतं औषध लिहिणार ते विचारावं.