डांगी गुरांची जात आणि गावचा वळू

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी व अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात दिवस दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा ओलीत इतर जातींची जनावरे खुरांच्या दुखण्याने बेजार होतात. डांगी बैल मात्र गुडघाभर चिखलात भाताची खाचरे तुडवीत असतो. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असल्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, आणि त्याची खुरे काळी व गारगोटीसारखी टणक असतात. हे गुण त्या मातीत पिढ्यानुपिढ्या निवडीने मुरलेले आहेत.

अशा जाती आज ओसरत आहेत. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील देशी गोवंश सुमारे 6 टक्क्यांनी घटला. गोवंशातील नर तर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. यंत्रे आली, बैलाचे काम सरले आणि खोंड वाढविण्याचा खर्च कोणास परवडेना.

येथे केवळ डोकी मोजून भागत नाही. शंभर गाई असूनही गावात वळू एकच असेल, तर पैदासशास्त्राच्या हिशेबाने तो कळप अवघ्या चार जनावरांच्या बरोबरीचा ठरतो. कारण पुढील पिढीचे अर्धे रक्त त्या एका वळूचेच असते. त्याच शंभर गाईंस पाच वळू मिळाले की हा आकडा एकोणीसवर जातो. पहिल्या कळपात निकट रक्तसंबंध दर पिढीस साडेबारा टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात अडीच टक्क्यांहून थोडा अधिक. तो वाढला की गाई उशिरा गाभण राहतात, वासरे अशक्त निपजतात, दडलेले आनुवंशिक दोष उघडे पडतात. दोष मात्र चाऱ्याला दिला जातो! गाय घेताना दहादा दात पाहणारा माणूस तिला लागणाऱ्या वळूचे कूळ विचारीत नाही, हे नवलच होय.

दुसरी चूक याहून जुनी आहे. कळपातील उमदा खोंड चांगला बैल होईल म्हणून आधी बडविला जातो, आणि कोणी न घेतलेला रेंगाळणारा खोंड गावभर मोकळा फिरून वळू बनतो. म्हणजे निवड होते, पण उलटी. चांगल्या आईचे एकदोन खोंड तरी राखले पाहिजेत, आणि ते एकाच गाईचे नसावेत.

वळूच्या कालवडी तीनचार वर्षांत माजावर येतात. तोवर तोच वळू गावात राहिला तर बाप-लेकीची गाठ पडते. म्हणून तिसऱ्या वर्षाअखेर शेजारच्या, नाते नसलेल्या गावाशी वळूची अदलाबदल करणे इष्ट होय. कृत्रिम रेतनातही हा धोका टळत नाही, कारण एका वळूचे रेत हजारो गाईंना पुरते. रेताच्या प्रत्येक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो; तो वहीत उतरवून घ्यावा व तिच्या कालवडीस दुसऱ्या क्रमांकाचे रेत मागावे. जर्सी वा होल्स्टिनचे रेत दिलेल्या डांगी गाईचे त्या वेताचे वासरू डांगी पैदाशीत धरता येत नाही, एवढे ध्यानी ठेवूनच त्या वाटेने जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावात डांगी वळू किती, ते कोणाच्या गाईचे आणि किती वर्षांपासून आहेत, हे एका पानावर लिहून काढावे. कित्येक गावांत त्या पानावर एकच ओळ भरेल.