साल आणि डाव: ऑनलाइन खेळांतल्या बक्षिसांचा मागोवा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत जळगाव-धुळ्याच्या खेड्यांमध्ये दोन व्यवहार शेजारीशेजारी चालत आले आहेत. एक सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा. जुनं साल संपतं, नवं ठरतं. वर्षभराची रोख किती, धान्य किती, कपडालत्ता काय, हे काम हाती घेण्याआधी बोललं जातं. दुसरा पत्त्यांचा. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही या सणाला ओट्यावर नाहीतर मळ्यातल्या झाडाखाली डाव मांडून बसतो. माहेरवाशिणी झोक्यावर, गडीमाणसं डावावर, असा हा सण. श्रमाचं फळ आणि नशिबाचं फळ एकाच दिवशी समोर असूनही गावाने या दोन गोष्टींची कधी गल्लत केली नाही. सालाच्या बोलीत पत्ता शिरत नाही आणि डावावर बसलेला माणूस आपण मजुरी करतोय असं समजत नाही. जादूगार, योद्धे आणि राक्षसांच्या ऑनलाइन खेळांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नेमकी हीच गल्लत केली. त्यांनी आधी सालासारखं बक्षीस देऊन लोकांचा विश्वास कमावला आणि मग त्याच वेष्टनात डाव विकायला घेतला. मोबाइलच्या खेळांवरची आपल्याकडची सगळी चर्चा वेळेची, डोळ्यांची आणि हिंसेची झाली. बक्षिसाचं स्वरूप कसं पालटत गेलं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

सुरुवात पाहायची तर १९७४ पर्यंत मागे जावं लागतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ त्या वर्षी आला आणि अनुभवाचे गुण साठवून पात्राची लेव्हल वाढवायची कल्पना रुळली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा केवळ मजकुराचा, पण अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ रचला. त्यात शेवटच्या पायरीला पोचलेला खेळाडू ‘विझार्ड’ व्हायचा आणि त्याला खुद्द खेळाच्या जगात फेरफार करण्याचे अधिकार मिळायचे. बक्षीस होतं जबाबदारीचं. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. कुणीतरी काम सांगायचं (अमुक लांडगे मारून आण, तमुक पत्र पोचव), ते केलं की ठरलेले गुण आणि ठरलेली वस्तू मिळायची. क्वेस्ट म्हणतात ती हीच. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मेलात तर कमावलेले गुण कमी व्हायचे आणि सामान आणायला स्वतःच्या प्रेतापर्यंत परत चालत जावं लागायचं. ‘वॉरक्राफ्ट’च्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं एकाच वेळी लागायची. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’मधल्या वस्तूंच्या खऱ्या बाजारातल्या किमतींवरून हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या खेळाडूची कमाई तासाला सुमारे साडेतीन डॉलर निघाली. खेळातली लेव्हल म्हणजे साठवलेली मेहनत होती, आणि खेळाबाहेरच्या बाजारानेही तिला मजुरीसारखा भाव दिला, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

या मेहनतीचं गणित मात्र पहिल्यापासून चढत्या भाजणीचं होतं आणि पुढची सगळी वाट त्यातूनच फुटली. २००१ पासून चालत आलेल्या ‘रूनस्केप’ या खेळात एखादं कौशल्य ९९ व्या लेव्हलला न्यायला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण लागतात. त्यातले निम्मे गुण ९२ व्या लेव्हलपर्यंतच्या प्रवासात जातात आणि उरलेले निम्मे शेवटच्या सात पायऱ्या खातात. दर सात लेव्हलला कष्ट साधारण दुप्पट होतात. खानदेशच्या वाचकाला हे गणित परकं वाटायचं कारण नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा. त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे: पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि मग रोज दुप्पट असं महिनाभर दान करणारा एकूण किती देईल? उत्तर येतं २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या. ‘रूनस्केप’मध्ये एका ढिगात जास्तीत जास्त जितकी नाणी मावतात, ती संख्या याहून बरोबर एकाने मोठी आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी दोनाचे तेच घात आहेत. दुपटीने वाढणारी गोष्ट सुरुवातीला फसवी सोपी असते आणि शेवटी माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. खेळाडू पहिल्या संध्याकाळी पाच लेव्हल चढतो आणि सहा महिन्यांनी एका लेव्हलसाठी आठवडा घालवतो. त्या आठवड्याच्या मधोमध कुणीतरी येऊन, थोडे पैसे भर, हे उरलेलं मी करून देतो, असं म्हणणार हे ठरलेलंच होतं.

मेहनतीचा हा काळ जळगाव-धुळ्याच्या बहुतेक मुलांना अनुभवायलाच मिळाला नाही. ‘वॉरक्राफ्ट’ची वर्गणी महिना पंधरा डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेसहाशे रुपयांच्या घरात, आणि ती भरायला क्रेडिट कार्ड हवं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं २००५ मध्ये. त्याच सुमाराची वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंगची होती. चाळीस जणांची मोहीम तीन तास सलग चालवायची, तर निदान तीन तास सलग वीज हवी. शिवाय क्वेस्ट म्हणजे वाचायचा मजकूर आणि तो सगळा इंग्रजीत. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या पोराला झटपट संपणारा गोळीबाराचा खेळ परवडायचा. महिनोन्‌महिने पात्र वाढवण्याचा नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला आणि स्वस्त स्मार्टफोन हातोहात गेले. जामनेर, शिरपूर, साक्रीच्या मुलाला एकदम जोडणी मिळाली. पण तोवर खेळच बदलले होते. मार्च २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ आणि त्याच्या आगेमागे पसरलेला ‘फ्री फायर’ हे दिसायला बंदुकांचे खेळ. पण अंगावरची सगळी यंत्रणा भूमिकाप्रधान, म्हणजे पात्र वाढवत नेण्याच्या, खेळांची. रोजची मिशन्स, लेव्हल, पदव्या, हंगाम, क्लॅन, पेटाऱ्यातून निघणारा पोशाख. म्हणजे साल कसं असतं हे न पाहताच इथल्या पिढीने थेट डावावर बैठक मारली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वर्गणीचा खेळ पैसेवाल्यांचा होता. फुकट खेळाने दार सगळ्यांना उघडलं. पैसे भरणारे थोडे भरतात म्हणून न भरणारे लाखो जण खेळू शकतात, मग तक्रार कसली? व्हॉइस चॅटने तर टाइप करण्याची आणि इंग्रजीची अडचणही काढून टाकली. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या दोस्तांना, एक पुण्याला नोकरीवर, एक सुरतेला, एक गावी, एका पथकात आपल्याच बोलीत खेळता येऊ लागलं. हे मोल खरं आहे आणि मला ते मोठं वाटतं. पण दार फुकट उघडण्यासाठी आत डावच मांडला पाहिजे, असं कुठे आहे? ‘पबजी’चा रॉयल पास पाहा. ठरलेली रक्कम भरा, ठरलेली कामं करा, कोणत्या पायरीवर काय मिळणार ते आधीच दिसतं. पैसे घेऊनही तो बोलीचाच व्यवहार आहे. त्याच खेळातला क्रेट, म्हणजे पेटारा, वेगळा. तिथे यूसी (पैसे देऊन घ्यायचं खेळातलं चलन) मोजायचे आणि काय निघेल ते नशीब. ‘मेपलस्टोरी’ या कोरियन खेळाच्या जपानी आवृत्तीने २००४ मध्ये नाणं टाकून खेळणं काढायच्या यंत्राची ही रीत ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळात आणली आणि तिथून ती जगभर गेली. फुकट खेळ चालवायला पास पुरतो की क्रेटच लागतो, हा प्रश्न कंपन्यांना विचारायचा. क्रेटमुळे खेळ फुकट मिळतो म्हणून मुलांनी तो सोसावा, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जुने खेळ तरी कुठे निर्मळ होते? ‘एव्हरक्वेस्ट’ने माणसं रात्ररात्र जागवली, मेहनतीची लेव्हल म्हणजेसुद्धा एक सापळाच. यात तथ्य आहे. फरक आहे तो असा की, मेहनतीच्या सापळ्याला तळ असतो आणि तो बनवणाऱ्यालाही दिसतो. ‘वॉरक्राफ्ट’च्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे करण्याची सोय ठेवली होती, लोक चिडले, तेव्हा तेच आकडे उलटे मांडून विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण असं नाव दिलं. हिशेब बदलला नाही, तरी तक्रार थांबली. माणसाला थांबवण्याची सोय बक्षिसातच बसवता येते, हे त्यातून दिसलं. डावात अशी सोय बसत नाही, कारण डाव चालतो तोच पुढच्या पत्त्याच्या आशेवर. राहिला मुद्दा स्किन, म्हणजे पात्राचा किंवा बंदुकीचा पोशाख, केवळ दिखाऊ असते हा. ‘फ्री फायर’मध्ये बंदुकांच्या स्किनने माऱ्याचे गुणधर्मही बदलतात, तेव्हा ‘केवळ’ हा शब्द तिथेच गळतो. आणि जिथे फक्त दिखावा आहे तिथेही शाळेतल्या मुलाला दिखावा छोटा नसतो. पूर्वी अंगावरचं चिलखत सांगायचं की हा त्या गुहेच्या तळापर्यंत जाऊन आला. आता ते सांगतं की याच्या घरच्या फोनवर पैसे होते, किंवा याला दान चांगलं पडलं.

आखाजीच्या डावाने घरं बुडवली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. सालदारीचा इतिहासही उचल, कर्ज आणि राबवणुकीचा आहे. तिची बोली उघड होती म्हणून ती न्याय्य ठरत नाही. तरी पारावरच्या डावाला मर्यादा होत्या. सण सरला की गड्याला शेतात नांगरट वाट पाहत असायची. पिसणारा हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. नाल (डाव बसवणाऱ्याचा वाटा) घेणारा किती घेतो ते बसणाऱ्याला ठाऊक असायचं आणि समोरचा हरणारा माणूस गावातलाच असायचा. ऑनलाइन पेटाऱ्याने या चारही मर्यादा काढून टाकल्या. त्यात पिसणारा हात न दिसणं सर्वांत वाईट, आणि हा नुसता संशय नाही. ३ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने ‘मेपलस्टोरी’ चालवणाऱ्या नेक्सॉनला सुमारे १,१६४ कोटी वॉनचा दंड केला. पैसे देऊन फिरवायच्या ‘क्यूब’मधून चांगले गुणधर्म निघण्याची शक्यता कंपनीने खेळाडूंना न सांगता कमी केली होती. ज्यांना सर्वाधिक मागणी होती अशा काही जोड्यांची शक्यता तर शून्य ठेवली होती. लोक वर्षानुवर्षं जे निघूच शकत नव्हतं त्यासाठी पैसे भरत होते. त्याच वर्षी मार्चपासून कोरियात शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. चीनने ते २०१७ मध्येच केलं होतं आणि बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये असे पेटारे सरळ जुगारात मोजले.

आपल्याकडचे निर्णय या रांगेत ठेवून पाहिले की दिशा कुठे चुकली ते कळतं. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या गुजरातेत राजकोट पोलिसांनी ‘पबजी’ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली, म्हणजे रोख होता तो खेळण्यावर. २ सप्टेंबर २०२० ला ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲप बंद झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’. कारण दिलं गेलं देशाच्या सुरक्षेचं. जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ नावाने खेळ परतला, तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची आणि सात हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे मुलाला एका दिवसात २८ दिवसांची मजुरी उडवता येईल, ही त्यातली शिस्त. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. अनेक घरांना त्याची गरज होती. तो कायदा योग्यच आहे. पण त्याचा रोख पैशाच्या बदल्यात पैशावर आहे. यूसी मोजून पोशाख निघेल या आशेवर उघडलेला पेटारा त्याच्या मुख्य व्याख्येत नाव घेऊन आलेला नाही, आणि अल्पवयीन मुलांच्या हाती सर्वांत सहज येणारा जुगार तोच आहे. क्वेस्ट, लेव्हल, पथक, हंगामाचा पास यांतलं काहीही बंद करायची गरज नाही. पेटारा विकत घेण्याच्या बटणावरच, किंमत लिहितात त्याच आकाराच्या अक्षरांत, काय निघण्याची किती शक्यता आहे हे मराठीत छापायला लावा; ती शक्यता बाहेरच्या तपासनिसाला तपासू द्या; अठराखालच्यांना पेटारा विकूच नका, पास खुशाल विका. या तीन गोष्टी नियमांत लिहायला नवा कायदा लागणार असेल तर तो करावा, आणि त्या मागणीचं पहिलं निवेदन जळगाव-धुळ्याच्या पालक-शिक्षक संघांनी द्यावं. साल आणि डाव यांतला फरक त्यांना कुणी शिकवायला नको.