बापलेकांची थट्टा आणि बापाचा धाक

वयात आलेल्या मुलावरचे बापाचे प्रेम आपल्या घरांत बहुतेक वेळा थट्टेतूनच बाहेर येते. लेकीला जवळ घेणारा बाप मुलाला मात्र "काय बे पहिलवान, आज किती पोळ्या हाणल्या?" असे विचारतो. मुलगाही काही कमी नसतो. "तुमच्यापेक्षा दोन कमी, बाबा" म्हणून ताट उचलतो. ज्या घरात असे बोलणे चालते ते घर आम्हाला बरे वाटते. ज्या घरात बाप आला की मुले उठून बाहेर जातात, तिथे आम्ही जरा जास्त वेळ बसतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. कारण सरळ आहे. आपल्या शरीराविषयी मुलगा घरात तोंड उघडेल की नाही, ते या थट्टेवर ठरते. वृषणाला पीळ पडणे हा प्रकार घ्या. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, पण बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत जास्त आढळतो. अंडकोषात एकाएकी जबर दुखते, एका बाजूला सूज येते, कधी उलटी होते, आणि रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. चोवीस तास गेले तर क्वचितच. पण मुलगा "पोट दुखते" एवढेच सांगतो आणि कूस बदलून झोपतो. ज्या जागेवरून घरात आणि कट्ट्यावर सगळे विनोद होतात, तीच जागा दुखते हे बापाला सांगायचे कसे? सकाळपर्यंत वाट पाहण्यात वेळ निघून जातो. म्हणून मुलाने पोट धरले आणि उलटी झाली की बापानेच एकट्यात, न हसता विचारावे, "खाली दुखते का?" एवढा प्रश्न पुरतो.

लहान मुलांपासून सुरुवात करू. बापाने मुलाशी कुस्ती खेळावी, पाठीवर घ्यावे, मुद्दाम हरावे. यातून मुलाला आपल्या ताकदीचा अंदाज येतो, राग आवरायची सवय लागते, आणि मोठ्या माणसाची ताकद मारण्यासाठीच असते असे नाही हेही कळते. फक्त एक-दोन गोष्टी सांभाळाव्यात. एका हाताला धरून झोका देऊ नये. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे कोपराचे हाड त्याने निसटते, आणि मग पोर हात हलवतच नाही. तान्ह्या बाळाला तर गदागदा हलवूच नये, मेंदूला इजा होते. गुदगुल्यांचेही असेच. गुदगुल्या केल्या की हसू आपोआप येते, त्याला आवडतेच आहे असे नाही. "बस, बाबा" म्हटले की हात तिथेच थांबला पाहिजे. आपल्या नकाराला किंमत आहे हे मुलगा तिथे शिकतो, आणि पुढे दुसऱ्याचा नकार ऐकायलाही तिथेच शिकतो.

"तुला आम्ही बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतला" हा विनोद तर घरोघरी आहे. मोठ्यांना मजा वाटते. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला उपरोध कळत नाही, तो शब्दाला शब्द धरतो. मग रात्री आईला विचारतो, मला परत देणार का?

मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला एक उपदेश आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी ऐकावे म्हणून ज्या धम्मवचनांची नावे कोरवली, त्यांत राहुलाच्या उपदेशाचेही नाव आहे. बुद्ध पाय धुतात, भांड्यात थोडे पाणी ठेवतात आणि मुलाला विचारतात, हे दिसते का? मग ते पाणी ओततात, भांडे पालथे करतात आणि पुन्हा विचारतात. उपदेश खोटे बोलण्याविषयीचा आहे, आणि त्यात थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आम्हाला यातली पद्धत फार महत्त्वाची वाटते. मुलाकडून चूक होऊ नये म्हणून बाप दरडावत नाही, चारचौघांत नाव ठेवत नाही. समोरचे भांडे घेऊन प्रश्न विचारतो आणि मुलाला उत्तर देऊ देतो.

मुलगा बारा-तेराचा झाला की थट्टेचा रोख शरीराकडे वळतो. आवाज फुटला, मिसरूड आले, उंची एकदम वाढली. छातीचेच पाहा. या वयात निम्म्याहून जास्त मुलांच्या छातीत थोडी गाठ किंवा फुगवटा येतो. संप्रेरकांमुळे होणारी ही गोष्ट बहुधा दोन वर्षांत आपोआप जाते. पण त्यावर घरात एकदा हशा झाला की मुलगा उन्हाळ्यातही दोन शर्ट घालतो, पोहायला जात नाही, पाठीला पोक काढून चालतो. आम्ही असे कितीतरी पोट्टे पाहिले आहेत, आणि बापाला विचारले तर म्हणतो, मी तर मजाक केला होता.

अंथरूण ओले करण्यावरून तर पाहुण्यांसमोर हसतात. पाच वर्षांच्या सहा-सात मुलांमागे एकाला ही तक्रार असते, मुलींपेक्षा मुलांत जास्त. आई-वडील दोघांनाही लहानपणी ती असेल तर चारपैकी तीन मुलांना असू शकते. तेव्हा हसणाऱ्या बापाने आधी आपल्या आईला विचारून यावे. कोरडा झालेला मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला, तहान वाढली, वजन उतरले, तर लगेच साखर तपासावी. आणि विदर्भातल्या आपल्या माणसांनी सिकलसेलही तपासून घ्यावा. त्यात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून या मुलांत ही तक्रार जास्त दिसते.

सिकलसेलचे नाव निघालेच आहे तर थांबून बोलू. आपल्या समाजात हा आजार आहे, आणि याच्याइतकी चुकीच्या थट्टेची किंमत दुसऱ्या कुठल्या आजारात आम्ही पाहिली नाही. मुलगा काटकुळा, डोळे पिवळसर, पळायला लागला की दम लागतो, थंडीत हातपाय ठणकतात. मोठा भाऊ पाण्याचे दोन गुंड एकदम उचलतो. मग बाप म्हणतो, "हा आमचा साहेब, काम सांगितले की याचे पाय दुखतात." भाऊ हसतो, मुलगाही हसतो, कारण न हसणारा आणखी चेष्टेचा होतो. पुढच्या वेळी दुखले तरी तो सांगत नाही, पाणी कमी पितो, उन्हात राबतो, आणि मग दुखण्याचा असा झटका येतो की उचलून न्यावे लागते. दोन मुलांपैकी एकाला माप करून दुसऱ्याला मोजू नये. आळस आहे की आजार, ते रक्त सांगते. 1 जुलै 2023 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी आहे, ती सरकारी दवाखान्यात होते. आधी साधी चाचणी, ती आली तर वाहक की रुग्ण हे ठरवणारी दुसरी.

आता धाकाविषयी. मुलाशी थट्टा केली तर तो डोक्यावर बसेल, असे बाप म्हणतात. आमचा अनुभव तसा नाही. उलटून उत्तर देता येते अशाच घरातला मुलगा गंभीर गोष्टही बापाकडे आणतो, आणि पुष्कळदा विनोदातून आणतो. "बाबा, खर्रा आणताना एक माझ्यासाठी पण आणा" असे तो हसत म्हणाला तर तो चाचपून पाहतो आहे. इथे हसून सोडू नये आणि कानाखालीही लावू नये. रात्री विचारावे, कोणी दिला होता का? मात्र ज्या बापाने याच मुलाला खर्र्याची पुडी आणायला पानठेल्यावर पाठवले, त्याचा शब्द इथे चालत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, हे पानठेलेवाल्याइतकेच पाठवणाऱ्यानेही ऐकावे.

रामजी सुभेदार शिस्तीचे कडक होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत. त्या धाकातला जागरणाचा वाटा बापाचा होता.

दारूच्या घराची गोष्ट वेगळी. तिथे आज ज्या उत्तरावर बाप हसतो त्याच उत्तरावर उद्या मारतो. मुले बापाच्या पावलांवरून अंदाज घेतात, सतत सावध राहतात, झोप आणि अभ्यास दोन्ही जातात. तिथे थट्टा कशी करावी हे शिकवण्यात अर्थ नाही. आधी दारूचा उपचार, आणि मारहाण असेल तर 1098 वर फोन.

मुलगा एकदम गप्प झाला, जेवण सुटले, मित्र सुटले, किंवा "मी नसतो तर बरे झाले असते" असे विनोदाने बोलू लागला, तर तो विनोद समजू नये. तेव्हा त्याला सरळ विचारावे. मरणाचे विचार येतात का असे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटे सोडू नये. 14416 हा टेलिमानसचा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते. बापाने सोबत जावे, पण समुपदेशकाशी मुलाला एकट्याला बोलू द्यावे आणि बाहेरच्या बाकावर बसावे. परतताना काय बोलणे झाले ते खोदून विचारू नये. वाटेत चहा पाजावा.