ओसीटी तपासणी पुन्हा का करावी लागते?

काचबिंदू विभागात ओसीटी तपासणी झाल्यावर काही रुग्णांना ती पुन्हा करण्यास सांगितले जाते. ‘एवढे महागडे यंत्र असताना दोनदा तपासणी कशाला?’ असे नातेवाईक आम्हांस विचारतात, आणि देणगीदारांच्या मनातही हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. म्हणून हा खुलासा.

हे यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या मागील पडद्याच्या थरांची जाडी मोजते. निरोगी डोळ्यात दृष्टिचेतेभोवतालच्या तंतूंचा थर सरासरी ९० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असतो. एकाच डोळ्याच्या दोन मोजण्यांत चार-पाच मायक्रॉनांचा फरक सहज पडतो. तेवढ्यावरून आजार वाढला असे म्हणता येत नाही. डोळा कोरडा असेल किंवा मोतीबिंदू वाढला असेल, तर परत येणारा प्रकाश क्षीण होऊन थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. पापणी मिटली, नजर हलली तरी आकडे बदलतात. यंत्राची किंमत आमच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस दिसते. आजोबांची हनुवटी नीट टेकवून ‘खुणेकडेच बघा’ असे तीनतीनदा सांगणाऱ्या तंत्रज्ञाचे कसब मात्र कोणत्याच सदरात बसत नाही.

याहून अवघड प्रश्न रंगांचा आहे. यंत्र रुग्णाचे आकडे निरोगी व्यक्तींच्या संग्रहित आकड्यांशी ताडून हिरवा, पिवळा वा लाल रंग देते. लाल म्हणजे काचबिंदू नव्हे. समवयस्क निरोगी व्यक्तींत इतका पातळ थर शंभरांत एखाद्याचाच असतो, एवढाच त्याचा अर्थ. या संग्रहात फार मोठ्या ऋण नंबरचे डोळे सहसा नसतात. अशा लांबट डोळ्यांत तंतूंच्या जुड्यांची जागाच थोडी सरकलेली असते, त्यामुळे निरोगी डोळाही लाल दिसू शकतो. उलटपक्षी, मुळात जाड थर असलेल्या डोळ्यातील आरंभीची झीज हिरव्या रंगाखाली झाकली जाते. पहिल्या चुकीने माणूस विनाकारण वर्षानुवर्षे थेंब घालतो. दुसरीत गेलेली दृष्टी परत मिळत नाही. म्हणून डोळ्यातील दाब, दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि डॉक्टरांनी स्वतः केलेली दृष्टिचेतेची पाहणी यांच्याशी मेळ बसल्याखेरीज निदान केले जात नाही.

तांत्रिक कारणास्तव पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासणीचे शुल्क आम्ही आकारीत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील आकडे परस्परांशी थेट ताडता येत नाहीत. सबब रुग्णांनी जुने सर्व अहवाल सोबत आणावेत, ही विनंती.