एका मातेचे पत्र आणि सरकारची जबाबदारी

पोलिसाने अधिकाराच्या आडून केलेल्या अन्यायाची भरपाई सरकारकडे मागता येते काय, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने एके काळी दिलेले उत्तर वाचून आजही मन विषण्ण होते. १९४७ साली मीरत येथे अमृतसरच्या एका सराफी पेढीच्या भागीदारास संशयावरून अटक झाली आणि त्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व पुष्कळशी चांदी जप्त करून मालखान्यात ठेवण्यात आली. चांदी परत मिळाली, सोने मात्र हवालदाराने लांबविले व तो पाकिस्तानात पसार झाला. अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्याने नोकरांच्या कसुरीबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय १९६४ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांना द्यावा लागला. ही स्थिती असमाधानकारक असून विधिमंडळाने कायदा करावा, असेही त्यांनी त्याच निकालपत्रात बजावले. तो कायदा झाला नाही.

पुढे १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात भरपाईचे किलकिले झालेले दार पूर्ण उघडले ते ओरिसातील निलाबती बेहेरा या मातेने. १९८७ च्या डिसेंबरात पोलिसांनी चौकीत नेलेला तिचा बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रुळांवर मृतावस्थेत सापडला. दोरी दातांनी तोडून तो पळाला व गाडीखाली आला, ही पोलिसांची कैफियत. तिच्या साध्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खालील याचिका मानले, जिल्हा न्यायाधीशांकरवी चौकशी करविली, कैफियत फेटाळली आणि २४ मार्च १९९३ रोजी दीड लाखांच्या भरपाईचा हुकूम देताना निःसंदिग्धपणे सांगितले की, मूलभूत हक्काच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही. पुत्राचे मोल पैशांत होत नाही हे खरे. पण सरकारला उत्तर द्यावे लागले, याचे महत्त्व मला फार मोठे वाटते.

हाच आधार घेऊन आज अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. ठाण्यात फिर्याद नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे व नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, तेव्हाच मारहाणीची तक्रार करून वैद्यकीय तपासणी मागावी. मानवी हक्क आयोगाकडे जावयाचे, तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे. प्रत्येक अर्ज लेखी द्या, आणि त्याची पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नका.